एक भिंत नव्हे, दोन: दगडी शाळेचं भूकंप-मॉडेल करताना

कॉलम-बीमचा सांगाडा नसलेली इमारत तपासायला आली की आमच्या ऑफिसात ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत राहते. आरसीसीचं काम सगळ्यांच्या हातात बसलेलं आहे. काँक्रीटचा ग्रेड टाका, सळई टाका, ईटॅब्स हे सॉफ्टवेअर बाकीचं सांभाळून घेतं. दगड-मातीच्या भिंतीसाठी तिथे तयार बटण नाही. मला दगडकामाची आवड आहे हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालंय, त्यामुळे धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेची जुनी इमारत फिरत फिरत माझ्याकडेच थांबली.

निजामाच्या काळातलं बांधकाम. ओळीने तीन खोल्या, पुढे ओसरी, वर आता पत्रे. वर्ग केव्हाच नव्या इमारतीत गेले होते. माजी विद्यार्थ्यांना इथे वाचनालय करायचं होतं, आणि देणगीदारांपैकी एकाची अट होती की आधी भूकंपाच्या दृष्टीने तपासणी व्हावी. पत्रात ‘कॉम्प्युटरवर’ या शब्दाखाली रेघ मारलेली होती.

त्या भागात भूकंप म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना किल्लारी हादरली. तीव्रता ६.२. सरकारी नोंदीनुसार सुमारे आठ हजार माणसं गेली. तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा सगळा पट्टा पहिल्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित मानलेल्या विभागात होता. २००२ च्या सुधारणेत तो पहिला विभागच रद्द झाला आणि लातूर-धाराशिवचा हा भाग तिसऱ्यात आला. सहा-सव्वासहाच्या भूकंपाच्या मानाने माणसं फार गेली, त्याचं कारण घरात होतं: दोन-अडीच फूट, कुठे त्याहून जाड अनघड दगडाच्या भिंती, सांध्यात माती आणि डोक्यावर मातीचं माळवद, म्हणजे सपाट जड छत. नंतर ५२ गावांचं पुनर्वसन झालं. उरलेल्या गावांत अनेकांनी धास्तीने माळवदाची माती उतरवली आणि पत्रे टाकले. आमच्या शाळेचंही तेच झालं होतं.

मोजमापाला गेले तेव्हा मुख्याध्यापकांनी गावातले एक म्हातारे गवंडी बोलावून ठेवले होते. मी टेप काढून खोल्यांची लांबी-रुंदी घेत होते, खिडक्या मोजत होते, भेगांचा नकाशा काढत होते. मामा शांतपणे दक्षिणेच्या भिंतीजवळ गेले, हातोडीच्या दांड्याने ठिकठिकाणी ठोकलं आणि म्हणाले, “मॅडम, ही भित एक न्हाई, दोन हायत. मधी नुसती माती. हितं पोट आलंय बगा.”

ओळंबा सोडला तर त्या जागी बाहेरचा चेहरा मधल्या उंचीवर चांगलाच पुढे आला होता. आतून मात्र भिंत सरळ. परवानगी घेऊन तिथला एक सैल दगड काढला, भोकातून कॅमेऱ्याची नळी घातली. बाहेरून घडीव दगडांचा एक पदर, आतून ओबडधोबड दगडांचा दुसरा, मध्ये माती आणि खडीचा भराव. पाहता आलं तेवढ्या भागात आरपार जाणारा एकही लांब दगड नाही. दर्जा, म्हणजे बाहेरून दिसणारे सांधे, चुन्याने भरल्यामुळे बाहेरून ती चुन्यातली भक्कम भिंत वाटते, पण चुना बोटाच्या पेरापुरताच. किल्लारीत अशाच भिंतींचा बाहेरचा पदर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा सुटला होता.

मॉडेलचं निम्मं काम माझ्या मते त्या भोकाशी झालं. बाकीच्यांना हे पटवून द्यायला मात्र बराच वेळ गेला.

ऑफिसात परतल्यावर पहिला प्रश्न आकड्यांचा. सॉफ्टवेअरला लवचिकतेचा गुणांक (भिंत किती ताठ आहे तो आकडा) हवा, वजन हवं, दाब आणि कातर (आडवं कापणारा जोर) सोसण्याची ताकद हवी. आपल्या भूकंप-संहितेच्या, आयएस १८९३ च्या, २०१६ च्या आवृत्तीत गुणांकासाठी सूत्र आहे, भिंतीच्या दाब-ताकदीच्या ५५० पट. ते आलं विटांच्या भिंतींवरच्या प्रयोगांतून, आणि मातीत रचलेल्या अनघड काळ्या दगडाला ते लावायला माझा हात धजावत नव्हता. इटलीत अशा भिंती गावोगाव आहेत, म्हणून तिथल्या संहितेच्या २०१९ च्या परिपत्रकातला तक्ता काढला. अनघड, वेड्यावाकड्या दगडकामासाठी त्यात दाब-ताकद १ ते २ मेगापास्कल आणि गुणांक ६९० ते १०५० दिला आहे. खालचा आकडा धरा की वरचा, दीडपट-दुप्पट फरक. साध्या काँक्रीटच्या ताकदीतही एवढी मोकळीक कुणी घेत नाही.

सपाट जॅकची चाचणी करता आली असती. भिंतीच्या सांध्यात खाच पाडायची, खाच दाबाने किंचित मिटते, मग तिच्यात तेलाने फुगणारी पातळ पत्र्याची उशी घालून ती मूळ मापाला आणायची. जेवढा दाब लागला तेवढा भिंतीत आहे. पण हिला सरळ थर लागतात. आमच्या भिंतीत आतल्या बाजूला थर असे नव्हतेच, आणि मातीच्या सांध्यातून मिळालेल्या आकड्यावर मी फार विसंबलेही नसते. म्हणून एक आकडा ठरवण्याऐवजी खालचा, मधला आणि वरचा असे तिन्ही घेऊन प्रत्येक मॉडेल चालवायचं ठरवलं.

पहिलं मॉडेल मुद्दाम सोपं ठेवलं, कारण पत्रातली ती रेघ मारलेली अपेक्षा नेमकी तेवढीच होती. भिंती म्हणजे सलग पातळ पृष्ठभाग, खिडक्या-दारांच्या जागी भोकं, पाया पक्का रोवलेला, वर छताला ‘डायफ्रॅम’ लावलेला. शाळा म्हणून महत्त्व-गुणांक १.५, पट्टे नसलेल्या विना-सळई दगडकामाला प्रतिसाद-गुणांकही १.५, तिसऱ्या विभागाचा ०.१६ (सूत्रात त्याचा निम्मा येतो), बुटकी इमारत म्हणून २.५. गणित केलं की आडवा जोर येतो वजनाच्या २० टक्के. मॉडेल पळालं, रंगीत चित्र आलं. खिडक्यांच्या कोपऱ्यांना लाल ठिपके, बाकी सगळीकडे निळं-हिरवं. कातर-ताण सरासरी ०.०३ मेगापास्कलच्या आसपास, खिडक्यांमधले दोन अरुंद भाग सोडले तर काठावर का होईना, पास. असं चित्र अहवालाच्या मुखपृष्ठावर छान दिसतं.

आता त्या चित्रात काय काय गृहीत आहे ते बघा. दोन भिंतींचे पृष्ठभाग कोपऱ्यात भेटले की सॉफ्टवेअर त्यांचे बिंदू आपोआप एक करतं, म्हणजे कोपरा जन्माचा चिकटलेला. शाळेच्या ईशान्य कोपऱ्यात वरून खाली हात जाईल एवढी फट होती. छताला डायफ्रॅम लावला की सगळ्या भिंतींची डोकी एका कडक पाटाला बांधली जातात. प्रत्यक्षात वर लाकडी वासे आणि हूकवर बसलेले पत्रे. वारा आला तरी ते खडखडतात. आणि जाडी ६० सेंटीमीटर लिहिली की मॉडेलला ती एकच भिंत. मामांनी दांड्याने ठोकून सांगितलेलं त्याला कुठून कळणार?

मग एकेक गाठ सोडत गेले. आधी डायफ्रॅम काढला. लगेच कंपनांची चित्रं बदलली. पूर्वी अख्खी इमारत एका खोक्यासारखी सरकत होती, आता प्रत्येक लांब भिंत स्वतंत्रपणे मागे-पुढे डोलायला लागली. आयएस १८९३ म्हणतं की विचारात घेतलेल्या कंपन-प्रकारांत, म्हणजे इमारत हलण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हांत, एकूण वस्तुमानाचा किमान ९० टक्के वाटा यावा. आरसीसीच्या इमारतीत डझनभर प्रकारांत हे सहज होतं. इथे प्रकार वाढवत नेले तरी गाडी पुढे सरकेना, कारण प्रत्येक तुकडा आपापल्या परीने हलत होता. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी डोकावून विचारलं, “मॉडेलमध्ये काही तरी सुटं राहिलंय का गं?” म्हटलं, “सर, शाळेतच सुटं आहे.”

पुढचा टप्पा कागदावर केला. तो मला सगळ्यात आवडतो, आणि खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी असं माझं मत आहे. वरून न धरलेली भिंत आडव्या धक्क्याने आपल्या टाचेवर कधी उचलली जाईल? वजन तिला खाली बसवतं, धक्का पाडतो. दोन्हींचं मोमेंट, म्हणजे फिरवण्याचा जोर, सारखं मांडलं की वजन दोन्हीकडून कटतं आणि उरतं फक्त जाडी भागिले उंची. ६० सेंटीमीटर आणि ३.६ मीटर: ०.१६७, म्हणजे गुरुत्वाच्या सुमारे १७ टक्के त्वरण. यात ना गुणांक लागतो ना दाब-ताकद. इतका वेळ ज्या आकड्यांसाठी तक्ते चाळले त्यांतला एकही यात नाही.

आता माळवद होतं तेव्हाचा हिशोब. एक फूटभर माती धरली तर भिंतीच्या दर मीटरवर साधारण साडेबारा किलोन्यूटन बोजा येतो; भिंतीचं स्वतःचं वजन ४७ च्या आसपास. तो बोजा भिंतीला दाबूनही धरतो आणि धक्क्यात अगदी डोक्यावरून ढकलतोही. दोन्ही मोजलं की ०.१६७ चं ०.१३८ होतं. म्हणजे १९९३ नंतर घाबरून माती उतरवणाऱ्यांनी भिंतीचं भलंच केलं. लोकांनी हे कुणाला न विचारता केलं, त्याचं मला कौतुक वाटतं.

पण हे सगळं भिंत एकसंध असेल तर. पदर सुटला तर जाडी निम्मी, ३० सेंटीमीटर, आणि आकडा ०.०८३. तिसऱ्या विभागात संहिता रचनेसाठी जमिनीचं त्वरण ०.०८ धरते आणि मोठ्या धक्क्यासाठी ०.१६. एकसंध भिंत मोठ्या धक्क्याच्या उंबरठ्यावर उभी राहते, सुटा पदर लहान धक्क्याच्या. बरं, छताचा जो काही थोडा भार उरलाय तो बसतो आतल्या पदरावर. बाहेरच्याला वरून कुणी दाबतही नाही, धरतही नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर आकडे भीती दाखवतील. ०.०८३ ला पदर उचलला जातो, लगेच कोसळत नाही. धक्का क्षणात दिशा बदलतो आणि उचललेली वस्तू परत बसूही शकते. जॉर्ज हाउसनर यांनी १९६३ मध्ये डोलणाऱ्या ठोकळ्यांचं गणित मांडलं तेव्हा दाखवलं होतं की सारख्याच प्रमाणाच्या दोन ठोकळ्यांत मोठा ठोकळा पाडायला जास्त अवघड. जाड भिंतीला त्याचा फायदा मिळतो. तीच भिंत चिरून दोन केली की जाडी जाते आणि हा फायदाही आटतो.

देणगीदारांच्या ‘कॉम्प्युटर’ला एवढ्यावर सोडणं शक्य नव्हतं, आणि मलाही हाताचा हिशोब दुसऱ्या वाटेने ताडून बघायचा होता. म्हणून दक्षिणेच्या एकाच भिंतीचं तपशीलवार मॉडेल केलं. दोन पदर वेगळे घन म्हणून, मधल्या भरावाच्या जागी संपर्क-पृष्ठ: दाब घेईल, घर्षण घेईल, ताण अजिबात घेणार नाही. प्रत्येक दगड वेगळा काढायचा मोह मी टाळला. प्रयोगशाळेतल्या विटांच्या भिंतीला ते शोभतं. इथे पोटातले दगड कसे बसलेत ते आपण पाहिलेलंच नाही.

दगडकामाच्या चिरडण्या-फाटण्यासाठी वापरलं ते ‘काँक्रीट डॅमेज्ड प्लॅस्टिसिटी’ हे प्रतिमान. नावात काँक्रीट असलं तरी जगभर ते भिंतींनाही वापरतात. आणि यातली एक गंमत: ली आणि फेन्वस यांनी १९९८ मध्ये ते ज्या रूपात मांडलं त्यात तपासायला घेतलेलं उदाहरण होतं आपलं कोयना धरण. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाची नोंद धरणातल्याच यंत्रावर झाली होती, आणि १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाला वरच्या भागात, जिथे मागचा उतार बदलतो तिथे, भेगा पडल्या होत्या. ॲबॅकस या सॉफ्टवेअरच्या उदाहरणसंग्रहात आजही कोयना आहे. जगात कुठे तरी बसलेला विद्यार्थी पाटण तालुक्याचं नाव न ऐकता कोयनेचा धक्का आपल्या मॉडेलला देत असतो.

आमचं मॉडेल मात्र हट्टी निघालं. आडवा जोर हळूहळू वाढवत न्यायचा तर प्रत्येक पायरीला सॉफ्टवेअर सगळे जोर जुळतात का ते बघतं. पदर उचलला गेला त्या क्षणी भिंत आणखी जोर घेईना, जुळणी होईना, आणि पडद्यावर तांबड्या अक्षरांत नकार. मग जोराऐवजी सरकणं ठरवून दिलं: डोकं एवढे मिलिमीटर ढकल आणि त्याला किती जोर लागला ते सांग. त्याने गाडी पुढे गेली. जाळीचाही त्रास झाला. चौकटी बारीक केल्या की भेग एका ओळीत गोळा होते आणि भिंत उगाच ठिसूळ दिसते. त्यासाठी भेग पडायला लागणारी ऊर्जा चौकटीच्या मापाशी जोडून द्यावी लागते. हे मार्गी लागल्यावर बाहेरचा पदर सुटायला लागला तो आकडा ०.०८ च्या जरा वर आला, कागदावरच्या हिशोबाला लागूनच.

त्याहून महत्त्वाचं मला वेगळंच वाटलं. गुणांक ६९० घेतला काय, १०५० घेतला काय, सरकणं बदललं पण कोण आधी सुटणार तो क्रम बदलला नाही. पदर आरपार शिवले, कोपरा उघडा ठेवला किंवा डोकं बांधलं की क्रम ताबडतोब बदलत होता. सामग्रीच्या आकड्यांवर आमच्या क्षेत्रात जेवढे वाद होतात त्याचा चौथा हिस्साही भिंत कशाला जोडलेली आहे यावर होत नाहीत.

मध्येच काळ्या मातीचं लचांड निघालं. पश्चिमेच्या भिंतीत खिडकीखालून तिरकी भेग होती आणि मॉडेल काही केल्या तिथे भेग दाखवेना. मुख्याध्यापकांनी सहज सांगितलं की ती उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते. म्हणजे भूकंपाचा तिच्याशी संबंध नाही, पायाखालची माती फुगते आणि आकसते. ती नकाशातून वेगळ्या रंगाने काढली, इमारतीभोवती पाणी मुरू नये म्हणून फरशीचा पट्टा आणि उतार सुचवला आणि तो विषय संपवला.

उपाय नवीन काहीच नव्हते. जुन्या इमारतींच्या दुरुस्ती-मजबुतीच्या आयएस १३९३५ या संहितेत ते आहेत आणि किल्लारीनंतर त्या भागात हजारो घरांत झालेही आहेत. भिंतीतून सैल दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक करायचं, दोन्ही टोकांना हूक असलेली ८ मिलिमीटरची सळई घालून काँक्रीट भरायचं. अशा गाठी मीटर-मीटरवर, प्रत्येक ओळ अर्धा मीटर सरकवून. वर, वासे टेकतात तिथे, दोन्ही बाजूंनी वेल्डेड जाळी लावून सिमेंटचा पट्टा, सगळ्या भिंतींवरून सलग. पत्र्याखाली तिरपे बांध घालून छत त्या पट्ट्याला जखडायचं. एकसंध झालेली भिंत वरून धरली की कागदावर तिची उचलण्याची मर्यादा चौपट होते, कारण मग तिला टाचेवर फिरायला जागाच नाही, मध्येच मोडावं लागतं. मॉडेलमध्ये गाठी घालून पाहिल्या. पदर शेवटपर्यंत एकत्र राहिले.

बैठकीत मी चौपटीचा आकडा सांगितला तेव्हा रेघ मारणारे देणगीदार खूश झाले. मामांनी गाठींचं चित्र उलटसुलट करून पाहिलं. “समदं बराबर हाय,” ते म्हणाले, “पण मातीच्या भितीत सिमिटाचा खुटा. पावसात माती हलती, सिमिट हलत न्हाई. लांब दगड घाला की.” त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. ओल धरणाऱ्या मातीत कडक सिमेंट अनेक वर्षांनी कसं वागतं याला माझ्या मॉडेलमध्ये जागा नव्हती. पण उभ्या भिंतीत साठ सेंटीमीटरचा दगड आरपार घालायचा तर भोक एवढं मोठं पाडावं लागतं की तोच धोका.

शेवटी वाटणी केली. पोट आलेला दक्षिणेचा भाग टेकू देऊन उतरवायचा आणि लांब दगड घालून पुन्हा रचायचा; तो मामांच्या देखरेखीखाली. बाकी भिंतीत काँक्रीटच्या गाठी, आणि पावसाळ्याआधी बाहेरून चुन्याची दर्जा, सिमेंटची नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत उतरवायचं काम सुरू झालं तेव्हा भरावातून दोन लांब दगड निघाले, पण आडवे, भिंतीच्या लांबीने टाकलेले. मामांनी ते बाजूला काढून ठेवले आणि पहिल्याच थरात आरपार बसवले.